चि. मनूस, कीबोर्ड घेण्याआधी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही फोटो मोठे करून पाहिले, दोन्ही मधोमध दोन तुकडे केलेले कीबोर्ड. एक ४२ बटणांचा कॉर्न (नाव ऐकून बाबांनी कणीस आणू का विचारलं), दुसरा ७६ बटणांचा एर्गोडॉक्स. ‘आई, तू टायपिस्ट, तूच सांग’ म्हणालीस, बरं वाटलं. पण शेवटी जाता जाता लिहिलंस की रात्री बोटं बधिर होतात, हात झटकत उठावं लागतं. त्याबद्दल नंतर लिहिते. आधी कीबोर्ड.

तिरक्या रांगा जाऊन सरळ उभे स्तंभ आले, हे मला पटलं. आमच्या टाइपरायटर मशीनमध्ये प्रत्येक बटणाखालून एक दांडी निघायची. दांड्या एकमेकींच्या आड येऊ नयेत म्हणून रांगा सरकवलेल्या. तुझ्या लॅपटॉपात दांड्या कुठल्या? तरी १८७४ च्या रेमिंग्टन मशीनपासून रांगा तिरक्याच. दोन अर्धे खांद्याइतके लांब ठेवले की मनगटं बाहेर वळवून बसावं लागत नाही, हेही खरं. रात्री दोन्ही हात बधिर होतात की एकच?

मात्र बोर्डाबरोबर अक्षरांच्या जागाही बदलायच्या, हे एकदम नको. तू म्हणतेस ती कोलमॅक मांडणी वाईट नाही. २००६ मधली आहे, क्वर्टीतली, म्हणजे नेहमीच्या मांडणीतली, १७ बटणंच हलवते, झेड-एक्स-सी-व्ही जागच्या जागी ठेवते, म्हणजे तुझं कॉपी-पेस्ट वाचतं. ड्वोराक या दुसऱ्या मांडणीत तेही जातं. पण कोर्टात मशीन जाऊन संगणक आले तेव्हाची माझी गत आठवते. मशीनवर पहिली वेलांटी आधी मारायची, मग अक्षर, कागदावर दिसतं तसं. संगणकावरच्या इन्स्क्रिप्ट या मराठी मांडणीत आधी अक्षर, मग वेलांटी. साहेब मजकूर सांगत पुढे गेलेले आणि मी अजून ‘निकाल’च्या ‘नि’वर. घरी येऊन सराव करायचे, तू टेबलाखाली बसून माझ्या बांगड्या मोजायचीस. आजी म्हणायची, पोरीला जेवायला तरी वाढ. तुझं अप्रेझल तोंडावर आलंय. बोटांना एका वेळी एकच नवीन गोष्ट शिकव.

नंतर इन्स्क्रिप्ट मला आवडला. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. ड्वोराक मांडणी करणाऱ्या ड्वोराकनेही १९३६ च्या पेटंटात मधल्या रांगेतले स्वर डाव्या हातालाच दिले आहेत. हे वाचलं तेव्हा उगीच शेजारी भेटल्यासारखं वाटलं.

आता कॉर्न. इन्स्क्रिप्टमध्ये ‘ड’ असतो ‘पी’च्या उजवीकडे, चौकटी कंसाच्या बटणावर. कॉर्नवर तिथे ते बटणच नाही. ‘ऑ’ची खूण उलट्या तिरक्या रेघेवर, तीही नाही. दोन्ही आतल्या लेअरमध्ये, म्हणजे आणखी एक बटण दाबून धरल्यावर मिळणाऱ्या अक्षरांत, शोधायची. म्हणजे ‘डॉक्टर’ हा शब्द त्याच्यावर सरळ उमटायचाच नाही! शिवाय कोलमॅक तू बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आतल्याच प्रोग्राममध्ये, भरलीस तर आणखी घोळ. ‘क’ मारायला जाशील आणि काना उमटेल, कारण त्या जागेवरून बोर्ड ‘ई’ पाठवतो आणि संगणक त्याला इन्स्क्रिप्टचा काना समजतो. बदलायचंच असेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये बदल, बोर्डात नको. दहावीच्या सुट्टीत शिकवलेला इन्स्क्रिप्ट तू अजून धरून आहेस. दादा अजून इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि मी ‘काशी आहेस’ वाचते. तुझा मेसेज आला की मी तो बाबांना वाचून दाखवते, शुद्धलेखनासकट.

तेव्हा माझं मत एर्गोडॉक्स, क्वर्टीच ठेवून. महाग आहे, पण पैशांचं बघू.

आता ते दुसरं. मशीनवर दर ओळीला कॅरेज ढकलायला हात उठायचा, कागद-कार्बन बदलताना पंजे मोकळे व्हायचे, मनगट टेकवायला जागाच नव्हती. तुम्ही तासन् तास टेबलाच्या कडेवर मनगट दाबून बसता. मनगटात एका अरुंद जागेतून नस जाते, ती दबली की अंगठ्यापासून अनामिकेच्या अर्ध्यापर्यंत मुंग्या येतात, रात्री जास्त. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या बाई वर्षानुवर्षं हात झटकत राहिल्या. पुढे अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला, कप हातातून सुटायचा. ऑपरेशन झालं, बधिरपणा गेला, पकड पूर्वीसारखी आली नाही. नवीन बोर्ड पुढचा ताण कमी करेल. आत्ता नस दबली असेल तर तिचं काय, हे बोर्ड सांगत नाही. नस नीट काम करते का ते पाहणारी नर्व्ह कंडक्शन टेस्ट असते, ती लागेल का ते विचार. साखर आणि थायरॉइड तपासून घे, त्यानेही असं होतं आणि आपल्या घरात दोन्ही आहे. हात वाकवून उशाखाली घेऊन झोपतेस, लहानपणापासूनची सवय, तेवढी सोड.

झालं माझं लेक्चर. कीबोर्ड विचारलास आणि मी दवाखाना काढून बसले, रागावू नकोस. एवढ्या लहान वयात एवढी मोठी टीम सांभाळतेस, तुला काय शिकवायचं! पण ऑर्डर देण्याआधी अपॉइंटमेंट घे. शनिवारची मिळाली तर मी शुक्रवारी रात्रीच्या गाडीने येते. नको म्हणू नकोस.

तुझी,
आई

ता. क. – बटणांखालचे स्विच निळे घेऊ नकोस, फार खडखडतात, खोलीतली मुलगी कंटाळेल. आणि करंगळीलाही मुंग्या येत असतील तर ते डॉक्टरांना वेगळं सांग, ती नस दुसरी असते. दादाला मी काही बोललेले नाही.