आजी तिसऱ्या रांगेत होत्या

पुणे, रविवार रात्र

प्रिय मने,

मे महिन्यात तुझा एवढा मोठा मेसेज आला, त्यावर मी नुसता अंगठा पाठवला आणि मग गप्प बसले. रागावली असशील तर बरोबरच आहे. आईचा गुडघा आता ठीक आहे, माझी शुगर काठावर आहे, बाकी सगळं बरं. मंगळवारी एक गोष्ट झाली आणि ती तुझ्याशिवाय कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून लिहायला बसले.

पटकथेचं दाद्याने सांगितलं असेलच. अंदमानची आहे. आपण मराठी माणसं सेल्युलर जेलला जातो, सावरकरांच्या कोठडीपाशी डोळे पुसतो आणि शहाळं पिऊन परत येतो. आईला घेऊन मीही तेवढ्यासाठीच गेले होते. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरने विचारलं, होम्फ्रेगंजला थांबायचं का? ऊन फार होतं, बसमधलं कुणी उतरलं नाही. मी उतरले. 30 जानेवारी 1944ला जपान्यांनी 44 माणसांना त्याच जेलमधून ट्रकांत घालून तिथे नेलं, गोळ्या घातल्या आणि खड्ड्यात पुरलं. आरोप काय, तर इंग्रजांचे हेर. आणि त्यातले बरेचजण इंडियन इंडिपेंडन्स लीगचेच, म्हणजे जपान्यांच्या बाजूने स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या संघटनेचे! मने, आपण शाळेत इतका इतिहास घोकला, यातली एक ओळ तरी आठवते का तुला?

मार्च 1942मध्ये जपानी उतरले, तेव्हा इंग्रज गेले म्हणून लोक खूश होते. काही दिवसांतच एका तरुण पोराला, एअरगन झाडली म्हणून, सगळ्यांदेखत हाल करून मारलं. पुढे समुद्रात जपानी जहाजं बुडायला लागली आणि हेर शोधायचं सुरू झालं. इंग्रजांची माणसं बेटावर खरंच आली होती. जानेवारी 1943मध्ये मॅकार्थी नावाचा, पूर्वी अंदमानातच पोलिसात असलेला अधिकारी चार-पाच साथीदारांसह पाणबुडीतून उतरला, जंगलात राहिला आणि काम उरकून निघून गेला. ते कधी सापडलेच नाहीत. सापडली ती गावातली माणसं.

छळाचं मी तुला लिहीत नाही. मला लिहावं लागलं, तेवढं पुरे. पण यादी कशी वाढते ते ऐक. एकाला मारायचं, त्याला सोसेना झालं की तो कुणाचं तरी नाव घेतो. मग त्याला आणायचं, त्याने पुढचं नाव घ्यायचं. यादी वाढली की तोच पुरावा. लीगचे अध्यक्ष डॉ. दिवाण सिंग पंजाबीत कविता लिहायचे. जपानी सैनिकांसाठी आणलेल्या बायकांना ठेवायला गुरुद्वारा द्या म्हटल्यावर त्यांनी नाही म्हणून सांगितलं होतं. 82 दिवस त्यांचे हाल केले, कबुली दिली नाही, 14 जानेवारी 1944ला गेले. आणि त्याच्या पंधरा दिवस आधी, 30 डिसेंबरला, त्याच गावात, पोर्ट ब्लेअरला, सुभाषबाबूंनी तिरंगा फडकवला होता. त्यांना जेल दाखवलं, आत कोंडलेली माणसं दाखवली नाहीत. तो सीन मी सात वेळा लिहिला. सुभाषबाबू मला देवासारखे, हे तुला माहीत आहे. तुझ्या-माझ्या खोलीत त्यांचाच फोटो होता. गजा त्या फोटोला सलाम ठोकायला गेला आणि खुर्चीसकट पडला, आठवतं? बिचाऱ्याच्या पायाला प्लास्टर आणि आपण दोघी हसून हसून बेजार.

तर काळजी अशी. पहिला ड्राफ्ट निर्मात्यांना दिला तेव्हा ते म्हणाले, सगळेच निर्दोष आहेत, मग गोष्ट पुढे कशी सरकणार? 44 मधला एक तरी खरा हेर दाखवा, प्रेक्षक खुर्चीला धरून बसेल. मी ऐकलं. एक मास्तर लिहिला. रात्री तो किनाऱ्यावर कंदील घेऊन जातो, बायकोच्या लुगड्याचा तुकडा काचेपुढे धरतो, काढतो, धरतो, काढतो. अंधारात लांब कुठेतरी पाणबुडी. लिहिताना मला काटा आला. मंगळवारी नरेशन झालं, म्हणजे टीमला पटकथा वाचून दाखवली, इंटरव्हल पॉइंट तिथेच टाकलेला, सगळे टाळ्या वाजवायला लागले. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या टीममधल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, हा मास्तर 44 मधला नक्की कोण?"

माझ्या वहीत 44 नावं आहेत, मने. मीच उतरवून घेतलेली. त्यातल्या एकाला हेर केलं की सिनेमा बघून आलेला माणूस प्रत्येक नावापाशी थांबणार, हा होता का तो? ज्या आरोपावरून त्यांना मारलं, तो मी ऐंशी वर्षांनी खरा करून देत होते. आणि त्या टाळ्यांत मला तुझ्या आजी दिसल्या.

त्या दिवसाबद्दल आपण कधीच बोललो नाही. तू सहा महिने अबोला धरलास, मग गजाच्या लग्नात जिलबीच्या ताटावरून बोलायला लागलो आणि विषय तिथेच राहिला. आज मी बोलते. 42 साली साताऱ्यात तुझे आजोबा पोलिसांचा मार खाऊन गेले, आणि मी एकांकिकेत त्यांच्या तोंडी साथीदाराचं नाव घातलं. मला तो क्षण हवा होता. भरत नाट्य मंदिरात आजी तिसऱ्या रांगेत होत्या, मांडीवर चष्म्याचं घर, मुठीत रुमालाची पुरचुंडी. पडदा पडल्यावर त्या विंगेत आल्या, पुरचुंडी सोडून माझ्या हातावर खडीसाखर ठेवली आणि म्हणाल्या, "छान केलंत गं पोरींनो. पण त्यांनी नाव सांगितलं नव्हतं." लेखनाचं बक्षीस मला मिळालं. तू म्हणालीस, इंग्रजांना जे जमलं नाही ते तू वीस मिनिटांत केलंस, माझ्या आजोबांना फोडलंस. मी म्हटलं, नाटकाला लागतं ते. मने, मी चुकले होते. आजी होत्या तोवर त्यांना सांगायला हवं होतं.

बुधवारी मी निर्मात्यांना मास्तर काढते म्हणून कळवलं. दुसरा हप्ता त्यावर अडकलाय, त्यांनी आठवडा दिलाय. काल पहाटे एक सुचलं. कंदिलाचा सीन ठेवायचा, पण तो घडलेलाच नाही. मास्तर कोठडीत आहे, सांगायला त्याच्याकडे काहीच नाही, आणि मार थांबावा म्हणून तो हे सगळं तिथल्या तिथे रचतो. लुगड्याचा तुकडा, पाणबुडी, सगळं. त्यांना हवी तशी कबुली तो त्यांना देतो. वाचून बघ, अंगावर येतं. पण रचताना त्याला कंदील धरणारा दुसरा माणूस लागतो आणि तो शेजाऱ्याचं नाव घेतो. तसं घडत होतं, हे खरं आहे. तरी माझा हात तिथे थांबतो. तोही कुणाचा तरी आजोबा असेल, आणि त्याने कदाचित सांगितलं नसेल.

हे लिहावं का? निर्मात्यांचं मत मला नको, तुझं हवंय. पानं सोबत पाठवतेय, 61 ते 68. एवढीच वाच.

चिनूची दहावी कशी गेली? आणि बदलीचं काय झालं, नाशिक की तिथेच? तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, त्यांचं मेतकूट संपलंय.

तुझीच,
नंदी

ता. क. त्या एकांकिकेची वही अजून माझ्याकडे आहे. पोस्टाने पाठववत नाही. तू येऊन नेशील का?