निवृत्तांच्या समूह विम्यावरील जीएसटी रद्द करावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के जीएसटी माफ झाला, हे स्वागतार्ह आहे. मात्र ग्रुप पॉलिसीला ही माफी लागू नसल्याने तिची सर्वाधिक गरज असलेला एक मोठा वर्ग वंचित राहिला आहे. ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत बँकांमधून निवृत्त झालेल्यांची असंख्य कुटुंबे आहेत. त्यांचा विमा बँकेमार्फत काढलेल्या समूह योजनेत असला, तरी आमच्यासारखे कित्येक जण त्याचा हप्ता स्वतःच्या पेन्शनमधून भरतात. सेवेतील कर्मचाऱ्याचा हप्ता मालक भरतो, तेथे कर ठेवण्यामागील विचार एक वेळ समजू शकतो; पण खर्च पूर्णपणे वैयक्तिक असताना केवळ पॉलिसी समूहाच्या नावावर आहे म्हणून ज्येष्ठांकडून कर घेणे अन्यायाचे आहे.

पती-पत्नीचा हप्ता ६० हजार रुपये धरला, तर जीएसटीच १० हजार ८०० रुपये होतो. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्या आणि तपासण्या सहसा विम्यात बसत नाहीत, तो खर्च वेगळाच. ‘मग वैयक्तिक पॉलिसी घ्या’ असे सुचवले जाते. पण सत्तरीत, अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला ती सहजासहजी मिळत नाही, आणि मिळालीच तरी आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षा कालावधी लागू शकतो. सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारतचे पाच लाखांचे कवच आहे, पण ते योजनेतील रुग्णालयांपुरतेच, आणि साठ ते सत्तर वयाच्या निवृत्तांना केवळ वयाच्या आधारे तेही मिळत नाही.

प्राप्तिकरातही हीच गत आहे. जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ आईवडिलांच्या विम्यापोटी ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, नव्या प्रणालीत ती नाही. १२ लाखांपर्यंत करच नसल्याने बहुतेक पेन्शनरांना याची झळ बसत नसेल, पण त्यांचा हप्ता भरणाऱ्या मुलामुलींना बसते. २० टक्क्यांच्या टप्प्यातील मुलीची या वजावटीने १० हजार ४०० रुपयांची बचत झाली असती, आणि त्यातील ४०० रुपये ती आरोग्य व शिक्षणाच्याच नावाने घेतला जाणारा उपकर म्हणून भरते.

ज्या समूह योजनेत निवृत्त सभासद स्वतः हप्ता भरतो, ती जीएसटीसाठी वैयक्तिक मानावी आणि आईवडिलांच्या विम्याची वजावट नव्या करप्रणालीतही द्यावी. यातील पहिला निर्णय जीएसटी परिषदेने आमच्या पॉलिसीच्या नोव्हेंबरमधील नूतनीकरणापूर्वी घ्यावा, ही विनंती.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, नौपाडा, ठाणे