किल्ली देवघरात ठेवलीय

खानापूर, रविवार, पहाटे

ती. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

तुम्ही निपाणीहून पोचाल तेव्हा मी पुण्याच्या बसमध्ये असेन. गाडीची किल्ली देवघरात, समईच्या मागे आहे. बाबा, गाडी भंगारात द्यायची असं तुम्ही ताईला सांगितलं होतंत ना? मी तुम्हाला न विचारता गाडीचं सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, बदललंय. तीन दिवसांची रजा त्याचसाठी काढली.

1998 ची मारुती, तिच्यावर एवढा खर्च कशाला, असं तुम्ही म्हणणारच. पण आईला गुडघ्यासाठी बेळगाव गाठायचं म्हणजे पंचवीस-सव्वीस किलोमीटर, आणि बसच्या पहिल्या पायरीशी तिचा चेहरा कसा होतो ते मी दिवाळीत बघितलंय. शेजाऱ्यांची गाडी तुम्ही कधी मागणार नाही. मग मी दुसरं काय करणार होते?

आणि हेड गेलं ते जांबोटीच्या चढावर तुमचं तापमानाच्या काट्याकडे लक्ष नव्हतं म्हणून, हे मनातून काढून टाका. दिवाळीत कूलंटची, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली रिकामी दिसली होती मला. ते पाणी जातंय कुठं हे बघायचं सोडून नळाचं पाणी ओतलं आणि बस पकडली. परवा ऑइलचं झाकण उघडलं तर आत लोणी काढलेल्या ताकासारखा फेस, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. आई, रडूच आलं मला.

जुनं हेड पुन्हा घासून का नाही घेतलं, हे विचाराल. एकदा घासून झालं होतं, आणि आता दोन व्हॉल्व्हच्या मधे केसासारखा तडा होता. त्यावर उपाय नाही. दुसरं हेड बेळगावच्या उद्यमबागेत तपासून, फेसिंग करून, म्हणजे तळ सपाट घासून आणलं. बोल्ट मधल्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्यानं आवळले.

खरं काम त्यानंतरचं, टायमिंगचं. आई, तुलाही कळेल बघ. खाली पिस्टनना जोडलेल्या क्रँकची पुली, वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमची, दोघींना जोडणारा दातेरी पट्टा. खालचीचे दोन फेरे होतात तेव्हा वरचीचा एक. ठिणगी पडायला पिस्टन वर आला की दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले हवेत, एरवी ज्याची पाळी तोच उघडा हवा. ही सगळी वेळ त्या पट्ट्यावर. हेड उतरवलं की ती मोडते, नव्यानं जुळवावी लागते. एक नंबरचा पिस्टन वर आणला, दोन्ही खुणा जुळवल्या, नवा पट्टा चढवला, तो ताणून धरणारा टेन्शनर आवळला. मग सेल्फ न मारता पान्यानं हातानंच क्रँक दोन फेरे फिरवला. खालची खूण जागेवर आली, वरची एक दाता मागे.

मिस्त्रीकाका म्हणाले, "एका दात्यानं काय होतंय, चालतंय की." रात्रीचे अकरा वाजले होते, त्यांचीही पाठ धरली होती. गाडी चाललीही असती, पण चढाला दमली असती, पेट्रोल खाल्लं असतं. मी पट्टा परत उतरवला. सरळ बाजूला ढील राहिली होती, टेन्शनरनं ओढल्यावर कॅम सरकला होता. ती बाजू ताणून धरून पुन्हा चढवला, पुन्हा दोन फेरे. खुणा जुळल्या. तरी आणखी दोन फेरे फिरवले. काल दुपारी टॅपेट लावले, प्लगच्या वायरी 1-3-2 क्रमानं बसवल्या, टायमिंग लाइट लावून डिस्ट्रिब्युटर जरा जरा फिरवत ठिणगीची वेळ धरली. आता काय गोड चालतेय, बाबा!

काम करताना सारखे तुम्ही आठवत होता. "बॅटरी सरळ धर, सुमी, माझ्या डोळ्यांत नको." मी सात वर्षांची, पेंगुळलेली, आणि तुम्ही प्लग पुसताय. झोप लागली की उचलून आत न्यायचात, हाताला पेट्रोलचा वास यायचा. तो वास मला अजून घरचा वाटतो.

आता ऐका. रोज सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीतली पातळी बघायची. कमी असेल तर डिकीतल्या कॅनमधलंच ओतायचं, नळाचं नाही. काटा अर्ध्याच्या वर चढला की गाडी बाजूला घ्यायची, आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कोणी कितीही सांगू दे. चोर्ला घाटात गाडी न्यायची नाही. रागवू नका, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, पण मामांकडे जायचं तर मी आल्यावर जाऊ. आई, तुझ्या सीटवर जाड उशी शिवून घेतलीय, पाय ठेवायला लाकडी पाट दाराशी आहे. काच आता नीट खाली होते. गोळी जेवल्यावरच घे, चहाबरोबर नको. माळ्यावर चढू नकोस, फणसाचे पापड मी काढून खाली ठेवलेत.

जुनं हेड मागच्या पडवीत पोत्यावर आहे. भंगारवाल्याला देऊ नका, बाबा. तो तडा तुम्हाला दाखवायचाय. बॅटरी मी धरीन.

तुमची,
सुमी