खडूच्या गोलांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं जुनं टेबल सॉ, म्हणजे लाकूड चिरायचं मशीन, माझ्या छोट्याशा वर्कशॉपात येऊन महिना होत आला. मशीन उचलून नेण्याच्या गडबडीत आभार मानायचे राहूनच गेले. तसंही तोंडावर असलं काही बोलायला मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याआधी मी तीन मशीन पाहिली होती. एक तर इतकं ताजं रंगवलेलं की बोटाला रंग लागला. दुसऱ्या गृहस्थांनी मी पोचायच्या आतच मशीन चालू करून ठेवलं होतं. थंड मोटर कशी सुरू होते ते दिसायलाच नको! बंद करा म्हटलं, तर "डोळ्यांदेखत चालतंय ना, मग?" तिसऱ्याने पट्ट्याचं झाकणच उघडू दिलं नाही. मी नवखा आहे, हे तिघांनीही अचूक हेरलं होतं.

आणि तुमच्याकडे आलो, तर मशीनवर जागोजागी खडूने काढलेले पांढरे गोल. मला वाटलं, कामाच्या खुणा असतील. तुम्ही म्हणालात, "खोट आहे तिथे गोल काढलाय. बोलण्याच्या नादात एखादी सांगायची राहून जाते."

काका, त्या क्षणी खरं तर मला कसंसंच झालं. तीन ठिकाणी फसता फसता वाचलेला माणूस चौथ्या ठिकाणी वाद घालायच्या तयारीने येतो. माझी सगळी तयारी वाया गेली. एक गोल फेन्सवर होता, म्हणजे लाकूड जिला टेकवून पात्याकडे सरकवतात त्या पट्टीवर. मागच्या टोकाला ती पात्याकडे झुकते, लाकूड पात्यात आवळलं जातं आणि उलटं अंगावर येतं, हे तुम्ही हाताने करून दाखवलंत. एक पातं फिरवणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगपाशी. प्लग काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवलात, पट्टा उतरवलात आणि म्हणालात, "आता फिरव हाताने." ती बारीक खरखर अजून बोटांत आहे. रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागची चिरलेलं लाकूड मिटू न देणारी पट्टी, हरवलेली, तर त्या रिकाम्या जागेलाही गोल! नवी घेताना ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि दातांच्या कापाहून पातळ हवी, हेही बजावलंत.

बिडाच्या टेबलावरच्या गंजाला मात्र गोल नव्हता. "तो घासला की जातो, ती खोट नव्हे." मग टॉर्च माझ्या हातात देऊन मला खाली आडवं व्हायला लावलंत. मोटर आणि पातं पेलणाऱ्या ओतकामाला तडा दिसला तर मशीन घ्यायचं नाही, अगदी माझं असलं तरी, असं म्हणालात. विकणाराच हे सांगतोय, म्हटल्यावर मी काय बोलणार? लोक प्रामाणिकपणाबद्दल बोलतात फार, पण त्यासाठी खडू घेऊन वाकायची तसदी कोण घेतो?

बेअरिंग बदललं, नाइफ बसवली. फेन्सही सरळ केली: पात्याचा एकच दात खुणावून पुढे-मागे मापलं, फेन्स त्या रेषेला आणली. काल सागाची फळी चिरली, करपलेला एक डाग नाही.

फक्त एक विचारायचं राहिलं. टेबलाच्या मागच्या डाव्या कोपऱ्यावर एक लहानसा गोल आहे. पट्टी लावून पाहिली, गुण्या लावून पाहिला, बोट फिरवलं, मला काही सापडत नाही. तिथे नेमकं काय आहे, काका?

तुमचा,
टॉर्च परत द्यायला विसरलेला