ब्रशही धुवावे लागतात

नेरूळ, नवी मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, यंत्रात गाडी धुताना एवढे मोठे ब्रश गरगर फिरतात, मग रंगाला ओरखडे पडत नाहीत का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. समोर गाड्यांची रांग होती, नीट बोलता आलं नाही. माझं अर्धं काम याच प्रश्नावर चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

ओरखडे पडू शकतात, आणि ते बहुतेक वेळा ब्रशमध्ये अडकलेली रेती पाडते. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ. त्यावर वाळूचा कण दाबून फिरला की गोलगोल रेघा उमटतात. काळ्या गाडीवर तर उन्हात लगेच दिसतात. आमच्या ब्रशला फोमच्या पट्ट्या आहेत. हा फोम पाणी पीत नाही, त्यामुळे कण आत रुतत नाहीत. पण पट्ट्यांच्या मुळाशी, दांड्याजवळ, गाळ साचतोच. त्यात उलवे, खारघरकडे सगळीकडे बांधकामं, आणि पावसाळ्यात चाकांच्या वर चिखलाचे थर. म्हणून आधी प्रेशर गनने चिखल उतरवायचा, मगच गाडी ब्रशखाली घ्यायची. मागचे हॉर्न वाजवतात, तरी मी हे सोडत नाही. दुसऱ्याच्या गाडीचा चिखल तिसऱ्याच्या दारावर घासला जाणं मला पटत नाही.

रात्री गेट बंद झालं की ब्रशची पाळी. आधी गाडी न घेता, नुसत्या पाण्यावर आणि शॅम्पूवर ते फिरवायचे. मग मेन स्विच बंद करून त्याला कुलूप. आई, किल्ली माझ्याच खिशात असते, मी बाहेर येईपर्यंत यंत्र कुणालाच चालू करता येत नाही. तेवढी काळजी सोड. मग वरून खाली पाणी मारत यायचं, जरा लांबून आणि तिरकं, कारण नोझल जवळ नेलं की फोम फाटतो. उभ्या ब्रशचा खालचा भाग सगळ्यात घाण असतो, बंपर आणि चाकांच्या उंचीचा. तिथे पट्ट्या हाताने एकेक सुट्या कराव्या लागतात. वायपरचा तुकडा, तार, अँटेना, काहीही निघतं, आणि त्यातली एक तार राहिली तरी सकाळच्या पहिल्याच गाडीवर लांब रेघ ओढली जाईल. मेण आणि तेलाने पट्ट्या चिकट झाल्या असतील तर हातमोजे घालून सौम्य डिटर्जंट लावायचं आणि फेस पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. हे शेवटचं पाणी स्वच्छच हवं. आम्ही धुण्याचं पाणी टाकीत निवळून परत वापरतो. टाकीतला गाळ वेळेवर काढला नाही तर तीच रेती पुन्हा ब्रशवर येते.

आता तुमच्या आवडीचा भाग, बाबा. ब्रश गाडीवर किती दाबायचा, हे आमचं यंत्र मोटारीवर येणाऱ्या भारावरून ठरवतं. पट्ट्या गाळाने जड झाल्या की तो अंदाज चुकतो. फाटलेली पट्टी बदलताना समोरच्या बाजूचीही बदलते, नाहीतर वजन एका अंगाला जाऊन दांडा थरथरतो आणि बेअरिंग खातो. डेपोत तुम्ही कान लावून बेअरिंग ओळखायचात, ते मला रोज उपयोगी पडतं. वरच्या आडव्या ब्रशचा एका टोकाला बारीक खरखर आवाज येतोय. ग्रीस भरलं तरी गेला नाही. कंपनीचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे, पण त्याआधी मी तो आवाज फोनवर टेप करून तुम्हाला पाठवते. ऐकून सांगा, बेअरिंग बदलावं लागेल की सील गेलंय.

आई, गुडघ्याच्या एक्स-रेचा रिपोर्ट आला का? बाबांनी तो डॉक्टरांना दाखवला की मला फोन कर, रात्री दहानंतर केलास तरी चालेल.

तुमची,
मनू