नॉइज चालेल, हललेला फोटो नको

महोदय,

शालेय आणि कनिष्ठ गटाच्या स्पर्धांचे फोटो वाचक हौसेने पाठवतात आणि वर्तमानपत्रांत ते छापूनही येतात. मोकळ्या मैदानावरचे बहुतेक ठीक असतात. इनडोअर हॉलमधले मात्र बघवत नाहीत. रॅकेट गायब, हाताच्या जागी पुसट पट्टा, चेहरा मेणाचा. त्यावर ठरलेला सल्ला म्हणजे ‘चांगला कॅमेरा घ्या’. क्रीडा छायाचित्रण करणाऱ्या आम्हा काही जणांना हा सल्ला अर्धवट वाटतो. शिवाय फोटो निवडणाऱ्यांच्या मनातही एक समज घट्ट बसलेला दिसतो, की दाणेदार, म्हणजे नॉइज असलेला, फोटो म्हणजे वाईट फोटो. त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

आधी बिघाड कुठला ते ओळखावे. फोटो संगणकावर पूर्ण आकारात उघडा आणि खेळाडूच्या आधी मागची भिंत, खुर्च्या, जाहिरातींचे फलक बघा. फलकावरची अक्षरे ठसठशीत आणि मुलाचा हात ओढल्यासारखा पसरलेला असेल, तर शटर मंद होते, म्हणजे ते जास्त वेळ उघडे राहिले. अक्षरेही एकाच दिशेने ओढली गेली असतील, तर कॅमेरा हलला. अक्षरे ठसठशीत आहेत, मूल कुठेच ओढले गेलेले नाही, नुसतेच मऊ दिसते आहे, तर शटरला दोष देऊ नका. फोकस भिंतीवर गेला. तिन्ही दुखण्यांना लोक ‘ब्लर’ म्हणतात आणि मग औषध भलतेच देतात. स्टॅबिलायझेशन हे त्यातल्या फक्त दुसऱ्या दुखण्याचे औषध आहे. ते आपला हात सावरते, धावणारे मूल थांबवत नाही. दुकानात हा फरक क्वचितच सांगितला जातो.

आता उजेडाचा हिशेब. हॉलमध्ये शिरल्यावर डोळे सरावतात आणि लख्ख वाटू लागते, पण कॅमेऱ्याला तो भ्रम होत नाही. भर उन्हात एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचे एकक) आसपास प्रकाश असतो. साध्या हॉलच्या कोर्टवर तो ३०० लक्स मिळाला तरी बरे म्हणायचे. ३०० लक्सला अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचे भोक, एफ/२.८ (आकडा लहान तितके भोक मोठे) आणि शटर १/१००० सेकंद धरले तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता, ती चढवली की नॉइज वाढतो) ६४०० लागतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी किट लेन्स झूम केल्यावर एफ/५.६ वर येते, म्हणजे उजेड एक चतुर्थांश. तोच फोटो घ्यायला आयएसओ २५६०० हवा. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो इतका वर जायला कचरतो आणि गुपचूप शटर १/१२५ वर आणून ठेवतो. बिघडते ते इथेच.

१/१२५ ने नेमके काय होते ते बघू. मूल सेकंदाला ५ मीटर धावत असेल, तर तेवढ्या वेळात ते ४ सेंटिमीटर पुढे सरकते. २४ मेगापिक्सेलच्या आडव्या फ्रेममध्ये उंची ४००० पिक्सेल असते. दीड मीटर उंचीचे मूल त्यातले ३००० पिक्सेल व्यापत असेल, तर एक पिक्सेल म्हणजे अर्धा मिलिमीटर, आणि ४ सेंटिमीटर म्हणजे ८० पिक्सेलचा पट्टा. नाक, डोळे, जर्सीवरचा नंबर, सगळे त्यात पुसले जाते. १/१००० ला हाच पट्टा १० पिक्सेलचा उरतो.

हा फोटो आता १५ सेंटिमीटर रुंद छापायचा आहे असे धरा. इंचाला २०० पिक्सेल धरले तर साधारण १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे ६००० पिक्सेल रुंदीची फाइल पाचपट लहान होते. मूळचे २५ पिक्सेल मिळून एक पिक्सेल बनतो आणि त्या सरासरीत नॉइज जवळपास जिरून जातो. १० पिक्सेलचा पट्टा २ पिक्सेलचा होतो, तो कोणाच्या नजरेस पडत नाही. ८० चा मात्र १६ चा होतो आणि छपाईतही तसाच दिसतो. म्हणून आमचे म्हणणे की आयएसओ बिनधास्त चढवा. नॉइज पुढे सॉफ्टवेअरनेही बराच काढता येतो. हललेला चेहरा कोणतेही सॉफ्टवेअर खरेपणाने परत आणत नाही. जे आणल्यासारखे दाखवते ते दुसऱ्याच मुलाचे तोंड असते!

आयएसओ चढवायला घाबरून अंधारा फोटो काढायचा आणि नंतर उजळायचा, ही पळवाट त्याहून वाईट, विशेषतः जेपीईजीत. नॉइज सावलीत जास्त दिसतो आणि उजळल्यावर तोच वर येतो.

शटर किती, हे खेळावर ठरते. बास्केटबॉल, कुस्ती, ज्युदोला १/५०० ते १/८०० पुरते. व्हॉलीबॉलचा स्मॅश, बॅडमिंटन आणि टेबल टेनिसला १/१००० च्या खाली जाऊ नये. हाताचा वेग सेकंदाला २० मीटर धरला तर १/१००० लाही तो २ सेंटिमीटर सरकतो, आणि तेवढा हललेला हात फोटोला उलट जिवंतपणा देतो. उजेड फारच कमी असेल तर उडीचा माथा पकडा. वर जाताना वेग घटत घटत माथ्यावर शून्य होतो, आणि उडीच्या एकूण वेळेपैकी निम्मा वेळ खेळाडू वरच्या चौथ्या हिश्शातच असतो. तिथे १/४०० लाही चेहरा स्वच्छ येतो. फक्त बटण माथ्याच्या जरा आधी दाबावे लागते. माथा दिसल्यावर दाबले तर फोटोत मूल खाली येताना दिसते.

मोड मॅन्युअल ठेवा. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ तिन्ही ठरवून टाका. ऑटो आयएसओ पांढऱ्या भिंतीसमोर फोटो काळा करतो आणि काळ्या पडद्यासमोर पांढरा, उजेड तोच असला तरी. सामन्याआधी कोर्टच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांत मीटरिंग करून, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड मोजून, बघा. कोपरा मध्यापेक्षा एक स्टॉप अंधारा (उजेड निम्मा) निघणे नेहमीचेच. जिथे खेळ जास्त होतो तिथला आकडा धरा आणि मोजमाप चेहऱ्यावरून करा, जर्सीवरून नव्हे.

पैसे खर्च करायचेच असतील तर ते कॅमेऱ्याच्या बॉडीआधी लेन्सवर करावेत. ८५ मिमी एफ/१.८ ची साधी प्राइम (झूम नसलेली) लेन्स वरच्या उदाहरणातला आयएसओ ६४०० वरून २५०० च्या आसपास आणते. मात्र एफ/१.८ फुकटात मिळत नाही. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८ मीटरवर फोकस केला तर पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम एक मीटर जाडीचा असतो. ७०-२०० एफ/२.८ लेन्सने २०० मिमीवर १० मीटरवरच्या मुलाला टिपले तर तो पट्टा साधारण ४० सेंटिमीटरच. डोळा स्पष्ट आणि पुढे आलेला हात मऊ, हे त्यात होणारच.

म्हणून फोकस सतत माग काढणाऱ्या मोडमध्ये हवा. कॅनॉनमध्ये त्याला एआय सर्व्हो म्हणतात, इतरत्र बहुधा एएफ-सी. फोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर न्या, म्हणजे शटर दाबताना तो नव्याने शोधाशोध करत नाही. ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी ठेवा, नाहीतर मध्ये प्रतिस्पर्धी आडवा आला की फोकस त्याच्यावर उडी मारतो. बॅडमिंटनमध्ये तर नेटच फोकस पळवते. चेहरा ओळखणारा कॅमेरा नसेल तर एकच फोकस पॉइंट घेऊन छातीवर धरा. जिम्नॅस्टिक्सच्या व्हॉल्टला मूल कुठून जाणार हे आधीच ठाऊक असते. टेबलाच्या कडेवर मॅन्युअल फोकस लावून थांबणे ऑटोफोकसपेक्षा भरवशाचे. फोकसला मदत करणारा कॅमेऱ्यातला छोटा दिवा आठवणीने बंद करा, तो थेट मुलांच्या डोळ्यांत जातो.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते दिव्यांच्या लुकलुकण्यात. लागोपाठ दहा फोटो काढले, सेटिंग तेच, तरी तीन उजळ, दोन तपकिरी, एकाचा वरचा भाग लख्ख आणि खालचा काळवंडलेला, हा कॅमेऱ्याचा दोष नाही. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो (६० हर्ट्झवर १२० वेळा). जुन्या ट्यूब, मेटल हॅलाइड आणि हलक्या ड्रायव्हरचे (दिव्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचे) एलईडी यांत ते ठळक असते. १/१००० ने आपण त्या चक्राचा दहावा हिस्सा उचलतो. कधी माथा मिळतो, कधी तळ. शिवाय मेकॅनिकल शटरची फट सेन्सरवरून सरकायला साधारण ४ मिलिसेकंद घेते आणि चक्र १० मिलिसेकंदांचे असते, म्हणून एकाच फोटोत दोन उजेड येतात.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या भिंतीवर १/१००० ने वीस फोटोंचा बर्स्ट (लागोपाठ फोटो) घ्या आणि भराभर चाळा. रंग बदलताना दिसला तर मेनूतले अँटी-फ्लिकर चालू करा. कॅनॉनच्या ७डी मार्क २ मध्ये २०१४ साली आलेली ही सोय आता बऱ्याच कॅमेऱ्यांत असते. कॅमेरा दिव्याचा माथा ओळखून त्याच क्षणी शटर उघडतो. बर्स्ट थोडा मंदावतो, पण तेवढे सोसावे. सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर मात्र टाळा. बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सर वाचायला १/३० ते १/६० सेकंद लागतो, तेवढ्यात दिवा दोन-तीनदा लुकलुकतो आणि फोटोवर आडवे पट्टे उठतात. वर रॅकेट वाकडी दिसते ती वेगळीच. स्टॅक्ड (फार भराभर वाचल्या जाणाऱ्या) किंवा ग्लोबल शटरच्या (सगळा एकदम टिपणाऱ्या) सेन्सरला हा त्रास फार कमी, पण ते कॅमेरे महाग. अँटी-फ्लिकर नसेलच, तर लांब बर्स्ट घेऊन निवड करणे एवढाच उपाय उरतो.

व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवर ठेवला की या लुकलुकण्यात तोही नाचतो. कोर्टच्या मध्यावर ग्रे कार्ड (राखाडी रंगाचे कार्ड) धरून १/५० शटरने फोटो घ्या, म्हणजे दिव्याची पूर्ण चक्रे त्यात येतात, आणि त्यावरून बॅलन्स पक्का करा. शक्य असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली, फाइल घ्या.

जागेबद्दल एकच सांगतो. बसा. बारा वर्षांच्या मुलांचे फोटो उभ्याने काढले की डोक्याचे केस आणि लाकडी फरशी मिळते. बास्केटबॉलला बेसलाइनमागे बास्केटच्या बाजूला, सीमारेषेपासून दोन मीटर तरी सोडून. बॅडमिंटनला कोपऱ्यातून तिरपे. मुले धडपडत येतात ती जागा मोकळी ठेवा, आणि बॅग तर तिथे कधीच ठेवू नका.

मोबाइलवाल्यांनी नाइट मोड बंद करावा. तो अनेक फ्रेम जोडून एक फोटो करतो, त्यात मुलाला तीन हात फुटतात. प्रो मोडमध्ये शटर १/५०० ला बांधा, मुख्य लेन्सच वापरा आणि झूम करण्याऐवजी पायाने पुढे जा. फ्लॅश कोणत्याच उपकरणाने नको. बॅडमिंटनपटूची नजर शटलवर असते, जिम्नॅस्ट बीमवर असते, आणि बहुतेक स्पर्धांत फ्लॅशला मनाई असते ती त्यासाठीच.

आयोजकांना विनंती आहे की हॉलचे निम्मे दिवे बंद ठेवून वीज वाचवू नये. ३०० चे १५० लक्स झाले की पंचांनाही त्रास होतो. मेटल हॅलाइड दिव्यांना पूर्ण उजेड आणि स्थिर रंग यायला काही मिनिटे लागतात आणि एकदा विझवले की ते लगेच पेटत नाहीत, तेव्हा दोन सामन्यांमध्ये बंद करू नयेत.

आणि आपल्या फोटो विभागाला विनंती, की दाणे दिसले म्हणून फोटो बाजूला टाकण्याआधी तो छापायच्या आकारात लहान करून बघावा, आणि वाचकांकडून मूळ फाइल मागवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो आक्रसतो आणि त्यावर कॉम्प्रेशनचे ठिगळ बसते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. मात्र त्या फाइलबरोबर मोबाइलने नोंदवलेले ठिकाणही येते. मुलांचे फोटो असल्याने लोकेशन आधीच बंद करून काढावेत, फोटोसोबत पालकांची लेखी परवानगी घ्यावी, आणि नाव छापायचे की नाही हे पालकांनी ठरवावे.

आपले,
क्रीडा छायाचित्रण करणारे काही वाचक