बारावीच्या इंग्रजीची तयार उत्तरे नकोत, उतारे छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी संपली की सगळ्याच दैनिकांच्या शैक्षणिक पानांवर बारावीच्या इंग्रजीची तयार उत्तरे झळकू लागतात. कवितांची रसग्रहणे, कादंबरीतल्या पात्रांची स्वभावचित्रे, मुलाखतीसाठी आठ प्रश्न. हेतू चांगलाच असतो, पण राज्य मंडळाची कृतिपत्रिका, म्हणजे प्रश्नांऐवजी कृती देणारी प्रश्नपत्रिका, ज्या रीतीने बेतलेली आहे ती पाहता या उत्तरांचा उपयोग फार थोडा होतो आणि मुलांचा वेळ मात्र भरपूर जातो.

कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ ३ तास. गद्याला ३४, कवितेला १४, लेखनकौशल्याला १६ आणि कादंबरीला १६ गुण. गद्यात १२-१२ गुणांचे दोन उतारे असतात. पहिला पाठ्यपुस्तकातला, दुसरा पूर्णपणे अनोळखी, आणि त्या अनोळखी उताऱ्याचाच सारांश ३ गुणांना. कवितेच्या ओळींवर १० गुणांच्या कृती. बेरीज केली तर ३७ गुणांच्या कृती अशा मजकुरावर आहेत, जो मुलांच्या डोळ्यांसमोर छापलेला असतो. तिथे पाठांतर नव्हे, वाचन लागते. आणि आपल्याकडे नेमका त्याचाच सराव होत नाही. ‘अनसीन काय, समोरच असतो, जमेल’ असे म्हणून तो शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो.

उताऱ्यावरच्या सहा कृतींचे स्वरूप ठरलेले आहे, प्रत्येकीला २ गुण. सरळ माहितीची, थोडी गुंतागुंतीच्या माहितीची, अनुमानाची, स्वतःच्या मताची, व्याकरणाची आणि शब्दसंपत्तीची. प्रत्येकीत गुण जाण्याची जागा वेगळी आहे, म्हणून सरावही वेगळा हवा.

पहिली कृती सोपी समजली जाते आणि तिथेच घाई नडते. चूक की बरोबर ठरवायच्या विधानात ‘ओन्ली’, ‘ऑल’, ‘नेव्हर’, ‘मोस्ट’ असा एखादा शब्द पेरलेला असतो. उताऱ्यात ‘बरेच गावकरी’ असतात, विधानात ‘सगळे गावकरी’ होतात. घटनांचा क्रम लावायचा असेल तर आणखी एक खाच असते. लेखकाने जे आधी सांगितले ते आधी घडलेले असतेच असे नाही. ‘हॅड गॉन’, ‘हॅड सीन’ अशी क्रियापदे दिसली की ती घटना मागची, हे कळायला व्याकरणाचा तास उताऱ्याशी जोडून घ्यावा लागतो. चौकटी किंवा जाळे पूर्ण करायचे असेल तर ते उत्तरासह पूर्ण काढावे. नुसत्या आकृतीला गुण नसतात.

खरी परीक्षा अनुमानाच्या कृतीत. एक वाक्य नमुन्यादाखल घेऊ. सरावासाठी रचलेले आहे, ते कुठल्या पुस्तकात शोधू नये: ‘शी काउंटेड द कॉइन्स ट्वाइस, टाइड वन बॅक इन द कॉर्नर ऑफ हर सारी, अँड आस्क्ड फॉर द स्मॉलर पॅकेट.’ प्रश्न असा की, या बाईबद्दल तुम्हाला काय कळते? वर्गात तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले, ‘तिने नाणी दोनदा मोजली.’ ही नक्कल झाली, अनुमान नाही. दुसरे, ‘तिचा मुलगा तिला सांभाळत नाही.’ ही कल्पना झाली, कारण वाक्यात मुलगा कुठेच नाही. तिसरे, ‘तिच्याकडे पैसे मोजकेच आहेत. एक नाणे तिने दुसऱ्या कशासाठी तरी राखले, म्हणूनच लहान पुडा मागितला.’ हे उत्तर बरोबर, कारण त्यातल्या प्रत्येक तुकड्याला वाक्यात आधार आहे: दोनदा मोजणे, परत पदरात बांधणे, लहान पुडा.

याचा सराव वहीच्या पानावर उभी रेघ मारून होतो. डावीकडे उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे, उजवीकडे त्यांवरून काय कळले ते. डावी बाजू रिकामी राहिली तर उजवीकडचे वाक्य खोडायचे. डावी-उजवी सारखीच दिसली तर ती नक्कल. पंधरा-वीस उतारे असे केले की मुले परीक्षेत रेघ न मारताही तसाच विचार करू लागतात. उजवी बाजू सुरुवातीला मराठीत लिहिली तरी हरकत नाही. आधी अनुमान नीट व्हावे, मग इंग्रजी वाक्य सावकाश बसवता येते. दोन्ही ओझी एकदम डोक्यावर दिली की मूल नक्कल करून मोकळे होते.

स्वतःच्या मताच्या कृतीत बरोबर उलटा घोळ होतो. तिथे उतारा सोडून बोलायचे असते आणि मुले उताऱ्यातलीच दोन वाक्ये ‘आय थिंक’ लावून परत लिहितात. मत एका वाक्यात, कारण एका वाक्यात, आपल्या आसपासचे एखादे उदाहरण एक-दोन वाक्यांत. तीन-चार वाक्यांत २ गुणांचे काम होते. पान भरून लिहिल्याने तिसरा गुण मिळत नाही, वेळ मात्र जातो.

शब्दसंपत्तीत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. दिलेला अर्थ ज्या रूपात आहे त्याच रूपातला शब्द शोधायचा. अर्थ भूतकाळी क्रियापदाचा असेल तर उत्तर नाम असू शकत नाही. एवढे पाहिले तरी निम्मे उमेदवार शब्द गळतात. सरावाच्या पहिल्या वाचनात शब्दकोश बंद ठेवावा. परीक्षेत तो नसतोच, आणि अडलेल्या शब्दाच्या आधीचे व नंतरचे वाक्य वाचून अर्थाच्या जवळ जाणे ही सवयीची गोष्ट आहे.

सारांशाबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण ३ गुणांचा म्हणून तो दुर्लक्षिला जातो. प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य उचलून एकापुढे एक ठेवणे, ही सर्रास पद्धत. पण पुष्कळ परिच्छेदांत पहिले वाक्य नुसते दार उघडून देते, मुद्दा तिसऱ्या-चौथ्या वाक्यात येतो. त्यापेक्षा उतारा एकदा वाचून तो पालथा घालावा आणि प्रत्येक परिच्छेदासाठी आठवणीतून एकच वाक्य लिहावे. मग उतारा पुन्हा उघडून पडताळावे. उदाहरणे, आकडे, अवतरणे, एकाच गोष्टीची दोन विशेषणे काढून टाकावीत. संवाद असेल तर तो कथनात आणावा. मूळच्या साधारण एक-तृतीयांश लांबी उरली पाहिजे. स्वतःचे मत त्यात नको, आणि शीर्षक विसरू नये. ते उताऱ्यातल्या एका प्रसंगाचे नको, साऱ्या उताऱ्याला पुरेल असे हवे.

आता कविता. रसग्रहणाला ४ गुण आहेत आणि गाईडमधले सगळ्यांत जास्त पाठांतर याचेच होते. तपासणाऱ्याला एकाच गठ्ठ्यात तेच वाक्य, त्याच चुकीसह, पुन्हा पुन्हा वाचायला मिळते. कवितेत कुठले अलंकार आहेत याची यादी लिहिणे म्हणजे रसग्रहण नव्हे. अलंकाराचे नाव, तो ज्या शब्दांत आहे ते शब्द, आणि त्यामुळे ओळीत काय घडले, असे तीन भाग आले तर वाक्य पूर्ण होते. बहुतेक उत्तरांत पहिला भाग असतो, कधी दुसरा, तिसरा जवळजवळ नसतोच.

पुन्हा एक रचलेली ओळ: ‘द स्लीपी सी सँग सॉफ्टली टू द सिटी.’ स्पेलिंग पाहणारा विद्यार्थी यात अनुप्रास शोधताना शेवटचा शब्द सोडतो, कारण तो ‘सी’ या अक्षराने सुरू होतो, ‘एस’ने नाही. पण अनुप्रास ध्वनीचा असतो, अक्षराचा नव्हे. ओळ देवनागरीत लिहून पाहिली की पाचही ‘स’ डोळ्यांत भरतात. याच कारणाने ‘नाइफ’ आणि ‘काइट’ यांत अनुप्रास नाही, इंग्रजीत दोन्ही ‘के’ने सुरू झाले तरी. यमकाचेही तसेच. ‘सेड’ आणि ‘ब्रेड’ जुळतात, स्पेलिंग वेगळे असूनही. ‘कम’ आणि ‘होम’ जुळत नाहीत, शेवटची तीन अक्षरे तीच असूनही. यमकरचना विचारली की प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द समासात देवनागरीत लिहावा आणि मग ए, बी, ए, बी अशी अक्षरे द्यावीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ही सोय आयतीच मिळालेली आहे, ती वापरायला कुणी शिकवत नाही. एक सावधगिरी मात्र हवी: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे इंग्रजीत वेगळे ध्वनी आहेत, आपण दोन्ही ‘व’नेच लिहितो. तिथे देवनागरी फसवते.

वरच्या ओळीवरचे वाक्य असे होऊ शकते: समुद्र झोपाळलेला आहे आणि गातो आहे, म्हणजे त्याला माणसाचे गुण दिले आहेत, ‘स’च्या आवर्तनाने किनाऱ्यावर ओसरणाऱ्या लाटेचा आवाज ओळीतच ऐकू येतो आणि शहर अंगाईने निजते आहे असे वाटते. इंग्रजीत हे दोन साध्या वाक्यांत बसते. अलंकारांची ओळखही नव्याने करून द्यायला नको. उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, अनुप्रास हे सगळे मराठीच्या तासाला होऊन गेलेले असतात. मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी एखादा तास एकत्र घेतला तर निम्मे काम हलके होईल. ‘लाइक’ दिसला की उपमा, हा गैरसमजही त्याच तासाला काढता येईल. ‘आय लाइक द रेन’ यात उपमा नाही.

चार ओळी स्वतः रचण्याच्या २ गुणांना मुले उगाच घाबरतात. यमक जुळवण्याच्या नादात अर्थ हरवतो. त्यापेक्षा दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट आधी ठरवावा, मग मधले भरावे.

कादंबरीच्या १६ गुणांवर एवढेच म्हणेन की कथानक सांगा असा प्रश्न क्वचित असतो. स्वभाव, वातावरण, आशय, निवेदनाची रीत यांवर थोड्या शब्दांत लिहायचे असते, आणि पाठ केलेले कथानक त्या पन्नासेक शब्दांच्या जागेत ओतले की विचारलेले राहूनच जाते. प्रत्येक उताऱ्यासाठी एक पान करावे: पात्र काय म्हणाले, काय केले, इतर त्याच्याविषयी काय म्हणाले. स्वभावाच्या प्रत्येक विशेषणापुढे यातला एक तरी पुरावा हवा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. दर गुणाला २ मिनिटे धरली तर १६० मिनिटे होतात आणि २० मिनिटे सुरुवातीच्या नजरेसाठी व शेवटच्या तपासणीसाठी उरतात. म्हणजे १२ गुणांच्या उताऱ्याला २४ मिनिटे. त्यातली पहिली ५-६ मिनिटे फक्त वाचनाला: आधी प्रश्न, मग उतारा, मग पुन्हा प्रश्न. लिहायला लवकर बसणारे नंतर प्रत्येक कृतीसाठी उतारा पहिल्यापासून वाचतात आणि तिथेच दहा मिनिटे घालवतात.

उतारे कुठून आणायचे, हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. बालभारतीच्या संकेतस्थळावर पाठ्यपुस्तके मोफत उतरवून घेता येतात. अकरावीच्या इंग्रजीतले न शिकवलेले पाठ बारावीला उत्तम चालतात. ज्यांचे वाचन कच्चे आहे त्यांनी नववी-दहावीपासून सुरुवात करावी, त्यात कमीपणा नाही. इंग्रजी दैनिकातला अग्रलेख सुरुवातीलाच देऊ नये. त्यातले संदर्भ माहीत नसल्याने मुले भाषेला दोष देतात. प्रवासवर्णन, विज्ञानविषयक छोटा लेख, एखाद्या खेळाडूचा परिचय बरा. आठवड्याला दोन उतारे आणि एक कविता पुरे. ऐंशी-नव्वद मुलांच्या तुकडीत शिक्षकाला सगळ्या वह्या तपासणे शक्य नाही, म्हणून वह्या अदलाबदल करून तपासाव्यात. पण एका अटीवर: तपासणाऱ्याने प्रत्येक चुकीपुढे कारण लिहायचे. शब्द अडला, प्रश्न कळला नाही, आधार चुकीच्या ओळीत शोधला, की घाई झाली. महिन्याभरात प्रत्येकाची नेहमीची चूक कुठली ते दिसते आणि पुढचा सराव तेवढ्यापुरता करता येतो.

आपल्या शैक्षणिक पानाला म्हणूनच एक विनंती आहे. पाठ्यपुस्तकातल्या कवितांची तयार रसग्रहणे बंद करून त्या जागी सोमवारी अडीचशे-तीनशे शब्दांचा एक अनोळखी उतारा सहा कृतींसह छापावा, ओळींना क्रमांक द्यावेत. उत्तरे त्याच दिवशी नकोत, गुरुवारी द्यावीत. उत्तरापुढे आधाराच्या ओळीचा क्रमांक आणि गुणांची विभागणी असावी. अनुमानाच्या कृतीखाली एक चुकीचे उत्तरही छापावे आणि त्याला अर्धाच गुण का, किंवा शून्य का, हे दोन ओळींत सांगावे. जागा तेवढीच लागेल. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू केले तर फेब्रुवारीतल्या लेखी परीक्षेआधी दहाएक उतारे मुलांच्या हाती पडतील. उतारे रचून, तपासून द्यायला तालुक्या-तालुक्यांतले इंग्रजीचे शिक्षक तयार असतात, फक्त त्यांना विचारले पाहिजे.

आपला,
कनिष्ठ महाविद्यालयातील इंग्रजीचा एक शिक्षक, सातारा जिल्हा